आजाराची भीती हाही आजार: हायपोकॉन्ड्रियाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोली, बसमत, कळमनुरीहून नांदेडच्या डॉक्टर लेनला जाणाऱ्यांत काहींची फाईल दर खेपेला जाड होत जाते. ईसीजी, टू-डी इको, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. तरीही 'डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी सुटलंय' हा विचार पाठ सोडत नाही. आपल्याला गंभीर आजार झालाय किंवा होणार आहे, ही भीती सहा महिने टिकली, तपासणीनंतरही गेली नाही आणि तिच्यापायी झोप, काम, संसार विस्कटू लागला, तर तो हायपोकॉन्ड्रिया, म्हणजेच आजारभय असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. आड येतात ते आपले गैरसमज.

गैरसमज १ : हे सगळं नाटक आहे.

वस्तुस्थिती : त्रास खरा असतो. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. श्वास भराभर चालला की हातापायांना मुंग्या येतात. मन या लक्षणांचा चुकीचा अर्थ लावतं: धडधड म्हणजे अटॅक, डोकेदुखी म्हणजे गाठ. मग सगळं लक्ष तिथेच लागतं आणि त्रास आणखी जाणवतो. नाटक करणाऱ्याला आजारपणातून काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. या माणसाला त्यातून सुटायचं असतं.

गैरसमज २ : एकदाची मोठी तपासणी केली की शंका फिटेल.

वस्तुस्थिती : सुरुवातीची नीट तपासणी हवीच. थायरॉईड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतले दोष यांनीही धडधड आणि थकवा येतो. ते आधी तपासून घ्यावेत. पण त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा केल्या की दिलासा थोडे दिवस टिकतो, शंका परत येते आणि मन पुढच्या रिपोर्टची वाट पाहू लागतं. शिवाय मणक्याच्या एमआरआयमध्ये चकती थोडी फुगलेली दिसणं, हे काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास आढळतं. रिपोर्टात ते वाचलं की नवी धास्ती बसते. गरज नसताना लावलेली 'ताकदीची' सलाईनही 'मला काहीतरी झालंय' हाच समज पक्का करते.

गैरसमज ३ : हा रिकाम्या, शहरी माणसांचा रोग आहे.

वस्तुस्थिती : हळदीच्या शेतात राबणाऱ्यालाही तो होतो आणि बँकेत बसणाऱ्यालाही. स्त्री-पुरुषांत त्याचं प्रमाण साधारण सारखंच आहे. लहानपणीचं मोठं आजारपण किंवा जवळच्या माणसाचा अकाली मृत्यू यांतून अशी भीती मूळ धरू शकते. तिचं एक रूप तर आपल्याकडचंच आहे. वीर्य गेल्याने शरीर खंगतं, या धास्तीने पोखरलेल्या तरुणांच्या त्रासाला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. झोपेत वीर्यस्खलन होणं नैसर्गिक आहे, त्याने अशक्तपणा येत नाही. एवढं वेळीच कुणी सांगत नाही, म्हणून ही मुलं 'गुप्तरोगा'च्या जाहिराती करणाऱ्यांच्या हाती सापडतात.

गैरसमज ४ : असा माणूस सारखा दवाखान्यात जातो, त्यामुळे त्याच्या जिवाला धोका नसतो.

वस्तुस्थिती : काहीजण उलट दवाखान्याच्या वाटेलाही जात नाहीत, वाईट बातमी कळेल या भीतीने बीपीसुद्धा मोजू देत नाहीत. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'जामा सायकिअ‍ॅट्री'त प्रसिद्ध झाले. त्यात हे निदान झालेल्या सुमारे ४,१०० लोकांचा मागोवा घेतला होता. मृत्यू पावलेल्यांत त्यांचं सरासरी वय ७० वर्षं होतं, तर तुलनेसाठी घेतलेल्या लोकांचं ७५. आत्महत्येचा धोका सुमारे चौपट होता. म्हणून 'याचं नेहमीचंच आहे' म्हणून सोडून देऊ नये. कारणाशिवाय वजन घटणं, रक्त पडणं, चालताना छातीत दाब येणं अशी नवी लक्षणं दिसली तर लगेच तपासणी करावी. मरणाची भाषा तोंडी आली तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

गैरसमज ५ : मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, आणि त्याच्या गोळ्या जन्माला चिकटतात.

वस्तुस्थिती : मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, निदान करणं आणि औषधं देणं हे त्याचं काम. या आजारात बहुधा एसएसआरआय गटातली औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण ती मनाने एकदम बंद करू नयेत. सवय लागण्याचा धोका असतो तो अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा. त्या दुकानातून परस्पर आणून खाऊ नयेत.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही. त्याचं शिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं असावं लागतं. त्याच्याकडची बोधवर्तन उपचारपद्धती या आजारावर सर्वाधिक अभ्यासलेली आहे. 'धडधड म्हणजे अटॅकच' हा विचार पुराव्यावर तपासायला आणि दिवसातून दहादा नाडी मोजण्याची सवय टप्प्याटप्प्याने सोडायला रुग्ण तिच्यात शिकतो. समुपदेशक आणि मनोसामाजिक कार्यकर्ते घरच्यांना सोबत घेऊन उपचार टिकवतात.

मदत कुठे मिळेल?

पहिली चौकशी हिंगोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात करावी. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. प्रवास जमत नसेल तर 'टेली मानस'ला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी यंत्रणेतून हे उपचार मिळणं प्रत्येकाचा हक्क ठरवलं आहे.

घरच्यांनी काय करावं?

'तुला काही झालेलं नाही' असं दिवसभर सांगत राहू नये आणि 'नाटकं बंद कर' असंही म्हणू नये. 'तुला त्रास होतोय हे खरं आहे, आपण डॉक्टरांशी त्या भीतीबद्दलही बोलू' असं म्हणावं. दर महिन्याला नवा डॉक्टर गाठण्यापेक्षा विश्वासाचा एकच डॉक्टर धरावा आणि भेटीच्या तारखा त्रासावर न ठेवता आधीच ठरवून घ्याव्यात. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. त्या मनावर उपचार करणारी माणसं आता जिल्ह्याच्या ठिकाणी आणि फोनवर भेटू शकतात. पुढच्या स्कॅनसाठी पैसे जमवण्याआधी एकदा त्यांच्याकडे जावं.