फाइलचा संपूर्ण पत्ता

‘पुढच्या गल्लीतले दुसरे घर’ एवढे सांगितले, तर त्याच वस्तीत उभ्या असलेल्या माणसाला घर सापडते. टपालाने पत्र पाठवताना मात्र गाव, जिल्हा, पिनकोड असे सारे लिहावे लागते. संगणकातील फाइलचा पत्ताही असाच दोन प्रकारे सांगता येतो. चालू फोल्डरपासून सांगितलेल्या वाटेला सापेक्ष मार्ग म्हणतात आणि मुळापासून सांगितलेल्या वाटेला निरपेक्ष मार्ग. परंतु हे ‘मूळ’ सर्व संगणकांत सारखे नसते.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकार घेऊ लागली. तिच्यात सर्व फाइलींचे एकच झाड असते आणि त्याचे मूळ एका तिरप्या रेघेने दाखवतात : ‘/होम/आशा/हिशेब’. लिनक्स आणि आजची मॅकओएस हीच पद्धत पाळतात. पेनड्राइव्ह जोडला, तरी तो याच झाडाची एक फांदी होतो. विंडोजमध्ये मात्र प्रत्येक ड्राइव्हचे झाड वेगळे व रेघ उलटी : ‘सी:\आशा\हिशेब’.

रेघ उलटी का? १९८१ मधील पहिल्या एमएस-डॉसमध्ये फोल्डरच नव्हते. सरळ तिरपी रेघ तेथे आज्ञेला जोडसूचना देण्यासाठी वापरली जात होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ती जागा अडलेली होती. म्हणून उलटी रेघ घेतली गेली. विंडोजला हा वारसाच मिळाला.

आज्ञावली लिहिणाऱ्याला हा फरक महागात पडू शकतो. समजा, विंडोजवर लिहिलेल्या आज्ञावलीत वरील ‘सी:’चा पत्ता कायमचा लिहून टाकला आणि ती लिनक्सवर चालवली. लिनक्सला उलटी रेघ व विसर्गासारखे ते चिन्ह ही नावातील साधी अक्षरे वाटतात. त्यामुळे तो अख्खा पत्ता एका फाइलचे नाव ठरतो, तोही सापेक्ष! आज्ञावली हिशेब लिहू लागली, की चालू फोल्डरमध्येच त्या विचित्र नावाची फाइल तयार होते. चुकीचा संदेश येत नाही. हिशेब जतन झाला असे आपण समजतो आणि नेहमीच्या जागी तो नसतो. संदेश आला असता तर बरे झाले असते.

यासाठी पायथॉन भाषेत २०१४ पासून ‘पाथलिब’ हे साधन आहे. फोल्डरांची नावे त्याला सुटी दिली, की त्या त्या कार्यप्रणालीला योग्य अशी रेघ ते स्वतः घालते. ड्राइव्हचे अक्षर मात्र ते बदलत नाही. मुळाची निवड आपल्यालाच करावी लागते.