डांबरावरचं पाणी आणि अदृश्य शाल

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एकेरी मार्गिकेच्या हिशोबाने ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरलं गेलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. वऱ्हाडातल्या अशा रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं, जवळ जावं तसं ते आणखी पुढे सरकतं. याला आपण डोळ्यांचा भास म्हणतो. पण नुसता भास असता तर तो मोबाइलच्या फोटोत उमटला नसता. डांबराला टेकलेली हवा तापून विरळ होते, वरची त्या मानाने दाट राहते. आकाशातून तिरपा येणारा किरण थराथरात किंचित वळत जातो आणि जमिनीला न टेकताच वर वळून डोळ्यांत शिरतो. पाणी वाटतं ते खरं तर आकाश. थरांच्या अपवर्तनांकातला (प्रकाश किती वळतो ते ठरवणाऱ्या आकड्यातला) फरक दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या घरातला. म्हणून रस्त्याला जवळजवळ घासून येणारा किरणच वळतो. पायाखाली बघावं तर कोरडं डांबर.

प्रकाश वळवायला अजब पदार्थ लागत नाही, मांडणी लागते, हे या मृगजळात दिसतं. लहरी वळवण्यासाठी बारीक नक्षीने घडवलेल्या पदार्थाला मेटामटेरियल म्हणतात. तो प्रयोगशाळेत सापडलेला गूढ धातू, हा समज इथेच ढिला पडतो. २००६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांच्या गणितावरून अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे ‘अदृश्य आवरण’ तयार झालं, त्यात होतं साधं तांबं, सर्किट बोर्डाच्या पट्ट्यांवर कोरलेलं. एकात एक अशी दहा कडी आणि मधोमध तांब्याचाच एक नळकांडा. प्रत्येक कड्यावरचे नक्षीचे चौकोन जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरचे, वापरलेल्या लहरीची लांबी साडेतीन सेंटिमीटर. लहरीला सुटे चौकोन जाणवतच नाहीत, सगळं एकसंध माध्यम वाटतं. (या अर्थाने तापलेली हवा मेटामटेरियल नाही, तिथे नक्षी नसून तापमानाचा उतार आहे. साम्य आहे ते टप्प्याटप्प्याने वळवण्यात.)

मग नळकांडा खरंच गायब झाला का? साडेआठ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींपुरता, दोन पत्र्यांच्या मध्ये, तोही अर्धामुर्धा: त्याची सावली फिकी झाली, पुसली गेली नाही. उघड्या डोळ्यांना कडी ठळक दिसत होती. तेच दृश्य प्रकाशासाठी करायचं तर लहर ४०० ते ७०० नॅनोमीटरची, म्हणजे नक्षी त्याहूनही कितीतरी बारीक हवी, आणि त्या लांबीला धातू प्रकाश गिळायला लागतात. नक्षी आज कोरता येते, त्यातूनच सपाट भिंगं बनू लागली आहेत. पण वळसा घालून गेलेला प्रकाश सरळ गेलेल्याच्या बरोबरीने पोचायला हवा, आणि ते एका अरुंद पट्ट्यापुरतंच जमतं. लाल रंगाला साधलेलं आवरण निळ्याला उघडं पडणार. तेव्हा मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत शाल ओढताच माणूस नाहीसा होतो, ती करामत संगणकाने कापडाचा रंग पुसून मागचं चित्र बसवल्याची असते.

समजा, तशी शाल उद्या बनलीच. ‘मिस्टर इंडिया’तला नायक अदृश्य असताना सगळं बघू शकतो. इथे प्रकाश अंगाला वळसा घालून निघून जाणार, म्हणजे तो डोळ्यांपर्यंत पोचणारच नाही. शालीच्या आत मिट्ट काळोख.