घरात बीपी आहे? मग भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचाही एकदा मोजा

अहिल्यानगर : पाथर्डी असो की जामखेड, पहाटे रस्त्याच्या कडेला पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी दिसतात. वेळ, वजन, छाती सगळं मोजलं जातं. बीपी मात्र कुणी मोजत नाही. 'बीपी म्हाताऱ्यांना होतो' हा समज त्यामागे आहे.

समजा, दोन मित्र भरतीला गेले. वय सारखं, सराव सारखा. नाव पुकारण्याआधी दोघांचंही काळीज धडधडतं. पण एकाचा वरचा बीपी १२५ वर थांबतो, दुसऱ्याचा १५० च्या पुढे जातो आणि घरी आल्यावरही लवकर उतरत नाही. असं का होतं?

ताण आला की काय होतं?
मेंदूचा इशारा मिळताच मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनालीन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, काही रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो. हा आजार नाही, ही शरीराची तयारी आहे. मात्र ज्यांचा बीपी ताणात जास्त चढतो, त्यांना पुढे कायमच्या बीपीचा धोका जास्त असल्याचं अभ्यासात दिसलं आहे.

हे रक्तातून येतं का?
काही प्रमाणात हो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काळ्या आणि गोऱ्या तरुण जुळ्यांना मुद्दाम ताण देऊन त्यांचा बीपी मोजला गेला. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात. इतर जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात. हुबेहूब जुळ्यांचे आकडे एकमेकांशी जास्त मिळतात, तेव्हा त्यात वारशाचा हात आहे हे कळतं.

पण हे एखाद्या जनुकाचं काम नाही. अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो. अमेरिकेतल्या काळ्या समाजात बीपीचं प्रमाण जास्त आहे, तरी सगळा दोष रक्ताला देता येत नाही. गरिबी, भेदभाव, खाणंपिणं यांचाही भार असतो.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आठ वर्षांची मुलं तपासली. १९९९ च्या त्या अभ्यासात जन्मावेळी कमी वजन असलेल्या मुलांमध्ये बीपी वाढण्याकडे कल दिसला. म्हणजे आईच्या पोटातलं पोषणही मोजावं लागतं.

मग करायचं काय?
आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कुणाला बीपी किंवा लकवा झाला असेल, तर अठरा वर्षांनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय असते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, हात छातीच्या उंचीवर ठेवा. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नका. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा वर राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.

दिवसभराचं मीठ एका चमच्याच्या आत ठेवा. पापड, लोणचं, फरसाण यातलं मीठही त्यातच धरा. तंबाखू, मिश्री सोडा. झोप पुरी घ्या.

पळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलेलं असणं, यातलं एकही असेल तर सराव थांबवून आधी हृदय तपासून घ्या. तातडीच्या वेळी १०८ ला फोन लावा.

रक्तातून आलेलं बदलता येत नाही. मीठ, तंबाखू, झोप आणि वेळेवरची तपासणी मात्र आपल्याच हातात आहे.