छोट्या धंद्यास कर्जाऊ भांडवल

बैहरच्या आठवडी बाजारात टोपली मांडून बसणाऱ्या बाईस भांडवल किती लागते, असा प्रश्न आम्ही एकदा गणिताच्या तासाला घातला होता. मुलांची उत्तरे पाच हजारांपासून लाखापर्यंत गेली. एका भाजीवालीची मुलगी मात्र म्हणाली, "नऊशे." सकाळी सावकाराकडून नऊशे घ्यावयाचे, संध्याकाळी हजार परत करावयाचे. वर्षाचे बावन्न बाजार धरले तर पाच हजार दोनशे रुपये व्याजापोटी जातात, आणि इतके देऊनही ते नऊशे त्या बाईचे कधीच होत नाहीत.

तिला नऊशे रुपये दान दिले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडत काहीच नाही. परंतु ते एकाच घरी कामी येतात. कर्जाऊ देऊन तीन महिन्यांनी परत आले, तर वर्षात तेच पैसे चार घरी फिरतात. आमच्यात यास कर्ज-ए-हसना म्हणतात. मुदतीत मुद्दल तेवढे फेडावयाचे, वर एक पैही नाही. १९६१ साली देवबंद येथे निघालेला मुस्लिम फंड याच तत्त्वावर, सोने तारण ठेवून, कर्ज देत आला.

पण जिच्या अंगावर सोन्याचा मणीही नाही तिने काय करावे? १९७६ साली बांगलादेशातील जोब्रा गावी प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी बेचाळीस जणांना मिळून अवघे सत्तावीस डॉलर स्वतःच्या खिशातून दिले. पुढे १९८३ साली ग्रामीण बँक झाली. तेथे तारणाऐवजी पाच जणींचा गट असे. ही बँक व्याज घेते, हेही सांगितले पाहिजे.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकत आम्हांस अधिक जवळची वाटते. चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा अर्जावर अंगठेच फार म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका अक्षरे शिकल्या आणि पुन्हा गेल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आम्हां शिक्षकांस यापरते समाधान कोणते!

या मार्गात खड्डेही आहेत. आंध्र प्रदेशात नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनी एकेका घरावर तीन-तीन कर्जे लादली. तगाद्यापायी आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. सहा देशांतील प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाले, त्यांतही अशा कर्जाने धंद्याला थोडा हात मिळतो, गरिबी सहसा हटत नाही, असेच दिसले.

आम्ही काही शिक्षकांनी मिळून पूर्वी असा एक निधी काढला होता. मागावयाची लाज वाटून आम्ही कोणाकडे वसुलीस गेलोच नाही. एका सायकल दुरुस्तीवाल्याने तर आम्हांस पाहून रस्ता बदलावयास सुरुवात केली. पैसे गेले, आणि सलामही गेला. तो दोष त्याचा नव्हे, आमचा होता. हप्त्याचा दिवस आम्ही ठरविला नव्हता.

आता हप्ता बाजाराच्या दिवशी, पालाशी जाऊन घेतला जातो, आणि वहीवर दोघांच्या सह्या होतात. त्या मुलीच्या आईने दोन हजार घेतले आहेत. सात हप्ते आले. आठवा, पावसाने बाजार भरला नाही म्हणून, पुढच्या बाजारावर गेला आहे.