विश्लेषण : ‘अंग बाहेर येण्या’च्या शस्त्रक्रियेचा लैंगिक आयुष्यावर काय परिणाम होतो?

खोकला आला, पाण्याची बादली उचलली किंवा बराच वेळ उभे राहिले की योनीमार्गातून काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटते. घरात बायका याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, डॉक्टर ‘प्रोलॅप्स’ म्हणतात. त्रास वाढला की शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. मात्र ‘यानंतर शरीरसंबंधांचे काय?’ हा प्रश्न संकोचामुळे विचारायचाच राहतो. उत्तर कोणती शस्त्रक्रिया निवडली यावर अवलंबून असल्याने तो आधीच विचारणे गरजेचे आहे.

नेमके काय बिघडते?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायू आणि अस्थिबंधांची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तिच्यावर असतो. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, कधी स्नायू हाडापासून सुटतो. पुढे वाढते वय, रजोनिवृत्ती, जुना खोकला, बद्धकोष्ठता, लठ्ठपणा आणि जड ओझी यांची भर पडते. मग मूत्राशय योनीच्या पुढच्या भिंतीला, तर गुदाशय मागच्या भिंतीला ढकलते किंवा गर्भाशय खाली सरकते. म्हणजेच मूळ दोष आधारात असतो, गर्भाशयात नव्हे.

शस्त्रक्रियेआधी लैंगिक आयुष्यावर परिणाम होतो का?

होतो. अंग खाली आले असतानाही शरीरसंबंध ठेवता येतात आणि त्यामुळे सहसा इजा होत नाही. पण फुगवट्याची लाज, मध्येच लघवी होण्याची भीती आणि ‘नवऱ्याला काय वाटेल’ हा विचार यामुळे अनेक जणी जवळीक टाळतात. कारण न सांगितल्याने घरात गैरसमजही होतात.

शस्त्रक्रियेनंतर सुधारणा होते की त्रास वाढतो?

अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसते की, शस्त्रक्रियेनंतर संबंधांच्या वेळी वेदना होणाऱ्या महिलांचे प्रमाण एकंदरीत कमी होते. लैंगिक आयुष्य बहुतेकींचे सुधारते किंवा पूर्वीसारखे राहते. मात्र आधी वेदना नसलेल्या काही महिलांना त्या नव्याने सुरू होतात. हे प्रमाण साधारणपणे शंभरात दहापेक्षा कमी आढळते. इच्छा वाढेलच असे मात्र नाही. ती वय, संप्रेरके, थकवा आणि नात्यावरही अवलंबून असते.

कोणत्या शस्त्रक्रियेत काय लक्षात घ्यावे?

• भिंतींची दुरुस्ती : सैल झालेली भिंत स्वतःच्याच ऊतींनी शिवली जाते. जास्त घट्ट शिवल्यास मार्ग अरुंद होतो. मागच्या भिंतीच्या दुरुस्तीत बाजूचे स्नायू ओढून शिवले, तर वेदनांची शक्यता वाढते.

• गर्भाशय काढणे : केवळ पिशवी काढल्याने आधार परत येत नाही. योनीचा वरचा भाग अस्थिबंधांना नीट बांधला नाही, तर पुढे तोच खाली येऊ शकतो.

• पोटातून जाळी बसवणे : योनीचा वरचा भाग जाळीने माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधतात. योनीची लांबी चांगली टिकते, पण काही वेळा जाळी उघडी पडण्याचा धोका असतो.

• योनीमार्ग बंद करणे : ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने वयस्कर महिलांसाठी असते. त्यानंतर योनीमार्गे संबंध शक्य नसतात. त्यामुळे रुग्णाची स्वतःची स्पष्ट संमती हवीच.

जाळीचा वाद काय होता?

योनीमार्गातून बसवलेल्या जाळीमुळे तीव्र वेदना, जाळी बाहेर येणे अशा तक्रारी वाढल्या. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये, तर ब्रिटनने २०१८ मध्ये निर्बंध आणले. १६ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रोलॅप्ससाठीच्या अशा जाळीची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. पोटातून बसवण्यात येणाऱ्या जाळीला हा आदेश लागू नव्हता.

गर्भाशय वाचवता येते का?

अनेकदा येते, आणि या कामात मुंबईचे मोठे योगदान आहे. गोव्यातील शिरोडा येथे जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते वर बांधण्याच्या पद्धती विकसित केल्या. त्या आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. दुसरीकडे, बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. म्हणूनच ‘पिशवी काढून टाका’ असे सांगितले गेल्यास कारण विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

शस्त्रक्रियेशिवाय पर्याय?

सौम्य त्रासात फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, आधार देते. संबंधांआधी ती काढावी लागेल का, हे तिच्या प्रकारावर ठरते. काहीच त्रास नसेल तर फक्त लक्ष ठेवणेही पुरेसे असते.

डॉक्टरांना काय विचाराल?

१. माझा कोणता भाग खाली आला आहे?
२. गर्भाशय काढणे खरेच आवश्यक आहे का?
३. योनीची लांबी-रुंदी बदलेल का?
४. जाळी वापरणार का? कोणत्या मार्गाने?
५. त्रास पुन्हा होण्याची शक्यता किती?

सोबत सासू, मुलगा किंवा पती असल्याने बोलता येत नसेल, तर डॉक्टरांशी एकांतात बोलायची मागणी करा.

नंतर कोणती काळजी घ्यावी?

साधारण सहा आठवडे संबंध टाळावेत आणि तपासणीत जखम भरल्याची खात्री झाल्यावरच सुरुवात करावी. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित जेल वापरता येते. रजोनिवृत्तीनंतर योनीत लावायचे इस्ट्रोजेन मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. वेदना कमी होत नसतील तर ‘आता वयच झाले’ म्हणून सहन करू नका. घट्ट टाका, आकसलेले स्नायू, कोरडेपणा यांवर उपचार आहेत. मात्र त्यासाठी तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी.