दोन महिन्यांची उमेदवारी

एप्रिल उजाडला की माझ्याकडे एका ठराविक प्रकारचे फोन येऊ लागतात. परवा असाच एक आला. एस.टी.त वाहक असलेले एक ओळखीचे गृहस्थ. ‘‘जयभीम वकीलसाहेब. पोरीला मुंबईत जाहिरात कंपनीत इंटर्नशिप लागली, दोन महिन्यांची. पगार नाही म्हणतात. आणि चार पानांचा इंग्रजी कागद पाठवलाय, सही करून द्या म्हणून. काय करू?’’ मी म्हटले, सही थांबवा, कागद आधी मला व्हॉट्सॲपवर पाठवा.

या प्रश्नावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. वकिलीची सनद घेण्यापूर्वी, २००२ च्या उन्हाळ्यात, मी स्वतः मुंबईतील एका जाहिरात संस्थेच्या क्रिएटिव्ह विभागात दोन महिने काढले. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात कार्यालय होते. नागपूरहून रेल्वेने आलो, चेंबूरला मामाकडे पथारी टाकली आणि प्रवासखर्च म्हणून महिन्याला हजार रुपये घेत उमेदवारी केली. उमेदवारी हाच आपला जुना शब्द. कोणाच्या तरी हाताखाली राहून पाहत पाहत शिकणे. आता त्याला इंटर्नशिप म्हणतात.

जाहिरात म्हणजे कोणीतरी आरामखुर्चीत बसून चमकदार ओळ लिहितो, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात गेली. तिथे जोडीने काम चालते; एक शब्द लिहिणारा कॉपीरायटर आणि एक चित्र मांडणारा आर्ट डायरेक्टर. पूर्वी अमेरिकेत हे दोघे वेगवेगळ्या खोल्यांत बसत. एकाने मजकूर लिहून पाठवायचा, दुसऱ्याने त्यावर चित्र चिकटवायचे. न्यूयॉर्कमध्ये १९४९ साली डॉयल डेन बर्नबॅक ही संस्था काढणाऱ्या बिल बर्नबॅक यांनी या दोघांना एका टेबलावर बसवले आणि पुढे जगभर तीच रीत पडली. त्या टेबलावर सर्वांत आधी येतो तो ‘ब्रीफ’. माल कोणाला विकायचा, त्या माणसाला आज काय वाटते, उद्या काय वाटायला हवे आणि त्याला सांगायची एकच गोष्ट कोणती, हे त्या एका कागदात लिहिलेले असते. एकच, दोन नव्हे. पुढे दाव्याचा मसुदा लिहिताना हा कागद मला जितका उपयोगी पडला तितका कोणताही टिपणग्रंथ पडला नाही. आमचे अनेक वकीलमित्र न्यायाधीशांना सतरा गोष्टी सांगतात आणि अठरावी, जी खरी, ती राहून जाते.

माझ्या वरिष्ठ कॉपीरायटर बाईंनी पहिल्या दिवशी पन्नास ओळी लिहायला सांगितल्या. विषय होता पंखा. रात्री जागून पन्नास लिहिल्या. त्यांनी दोन मिनिटांत सगळ्या खोडल्या आणि म्हणाल्या, पहिल्या तीस तर सगळ्यांनाच सुचतात, त्यामुळे त्या तुझ्या नाहीत. उद्या एक्कावन्नपासून सुरू कर. राग आला होता. आज माझ्या कनिष्ठांचे मसुदे मी तसेच खोडतो आणि त्यांनाही राग येत असणार.

माझ्या वाट्याला आले ते काम म्हणजे ‘लँग्वेज’. त्या कार्यालयात मराठी, गुजराती, तमिळ, बंगाली या सगळ्यांना मिळून हे एकच नाव होते. इंग्रजी ही जणू भाषाच नव्हती, ती हवा होती. कल्पना इंग्रजीत सुचायची, मग तिची हिंदी व्हायची आणि सर्वांत शेवटी, छपाईच्या आदल्या संध्याकाळी, मराठी. हेही ध्यानात घ्यावे की हे मुंबईत चालले होते, जिथे सर जे. जे. कला विद्यालयात १९३५ सालीच व्यावसायिक कलेचे शिक्षण सुरू झाले. आणि जिथल्या उल्का संस्थेत आर. के. जोशी यांच्यासारखा अक्षरांचा जाणकार अनेक वर्षे काम करत होता. आज ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये आपले शासकीय आदेश टंकले जातात तो त्यांनीच घडवला. म्हणजे मराठी अक्षर जाणणारी माणसे या व्यवसायात होती. मराठी वाक्याला मात्र टेबलावर खुर्ची नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एका वह्यांच्या कंपनीची जाहिरात. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर जिल्ह्याजिल्ह्यातल्या वृत्तपत्रांत जायची होती. हिंदी ओळ होती, ‘अच्छी शिक्षा, हर बच्चे का हक़’. तिची मराठी बाहेरून कोणाकडून तरी करून आणली होती: ‘चांगली शिक्षा, प्रत्येक मुलाचा हक्क’. मी प्रूफ पाहिले आणि चरकलो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी, नाहीतर तुरुंग. विदर्भातल्या खेड्यातला बाप पेपर उघडणार आणि वाचणार की ही वही घेतली तर पोराला चांगली शिक्षा मिळेल!

वाचकहो, खरे सांगतो, मी अर्धा तास गप्प बसलो. खोलीत सातआठ जण होते, सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे. मी दोन महिन्यांचा पाहुणा, त्यातही नागपूरचा. मनात येत होते की हे सर्व शिकलेले लोक आहेत, त्यांनी पाहिलेच असेल. मी बोललो आणि माझेच चुकले तर? शेवटी आर्ट डायरेक्टर सीडी जाळायला निघाला (तेव्हा मजकूर सीडीवर छापखान्यात जात असे) तेव्हा उठलो आणि म्हणालो, ‘‘सर, मराठीत शिक्षा म्हणजे पनिशमेंट.’’ एक क्षण शांतता, मग हास्यकल्लोळ, मग धावपळ. जाहिरात थांबली. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला सांगण्यात आले की आमच्या टीमने चूक पकडली. टीमने! माझे नाव कोणी घेतले नाही, आणि कोणी वाईट हेतूने वगळले असेही नाही. उमेदवाराचे नाव घ्यायचे असते हेच कोणाला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मराठीचा प्रत्येक कागद मात्र माझ्या टेबलावरून जाऊ लागला.

शेवटच्या आठवड्यात माझी एक रेडिओची संहिता, वीस सेकंदांची, जशीच्या तशी वाजली. ती माझीच का, हा प्रश्न मला तीन वर्षांनी विधी महाविद्यालयात पडला, तेव्हा कॉपीराइट कायदा, १९५७ हातात आला. त्याच्या कलम १७(क) चा आशय असा की नोकरीच्या किंवा उमेदवारीच्या करारात केलेल्या कामाचा पहिला मालक, उलट काही ठरले नसेल तर, मालक संस्था असते. उमेदवारीचा शब्द कायद्यात स्पष्ट आहे. पण ज्याला नियुक्तीपत्रच दिले नाही, विद्यावेतनही दिले नाही, त्याच्याशी असा करार होता असे संस्थेने कशाच्या आधारे म्हणायचे? मग हक्क हस्तांतरित करायला कलम १९ प्रमाणे लेखी, सहीचा कागद लागतो. म्हणूनच हल्ली ही चार पाने येतात. कल्पनेवर किंवा चार शब्दांच्या घोषवाक्यावर कॉपीराइट सहसा मिळत नाही हेही खरे. पण पूर्ण संहिता, चित्र, स्टोरीबोर्ड ही ‘कृती’ आहे. आणि तिचे हक्क दिले तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ खाली शिल्लक राहतो.

पैशाबद्दल मात्र कायदा लुळा आहे. १९६१ च्या ॲप्रेंटिसेस ॲक्टखाली आलात तर करार नोंदवावा लागतो, विद्यावेतन द्यावेच लागते. ‘इंटर्न’ म्हणून घेतले की पळवाट मोकळी. केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात मोठ्या कंपन्यांतील इंटर्नशिपची योजना जाहीर करताना दरमहा ५,००० रुपये ठरवले. म्हणजे फुकट राबवणे बरोबर नाही एवढे तरी सरकारनेच मान्य केले. मुंबईत दोन महिने बिनपगारी कोण राहू शकतो? ज्याचे घर वांद्र्याला आहे तो. मग त्या टेबलाभोवती तीच मुले बसतात आणि ‘शिक्षा’ कोणाच्याच डोळ्यांना खुपत नाही. मला मामा होता म्हणून मी टिकलो. मामी रोज डबा देत असे.

मुलींच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ प्रशिक्षणार्थीलाही लागू आहे, पगार असो वा नसो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रारीची मुदत तीन महिने आहे, म्हणजे इंटर्नशिप संपून मुलगी घरी परतली तरी दार बंद होत नाही.

त्या मुलीचा कागद मी वाचला. एका कलमात लिहिले होते की या दोन महिन्यांत तिला कार्यालयात वा बाहेर सुचणारी कोणतीही कल्पना संस्थेची. मुलगी कविता करते! मी तिलाच फोनवर घेतले आणि तीन दुरुस्त्या सांगितल्या: ‘संस्थेने सोपवलेल्या कामापुरते’ हे शब्द घालणे, प्रसिद्ध झालेले काम स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवण्याची मुभा, आणि विद्यावेतन. वडील घाबरले, म्हणाले, साहेब, बोलावणेच रद्द झाले तर? मुलगी म्हणाली, मी मेल करते. तिने स्वतः केला, इंग्रजीत, सहा ओळींचा. मी एक स्वल्पविरामही बदलला नाही.

चौथ्या दिवशी उत्तर आले. पहिल्या दोन गोष्टी मान्य. विद्यावेतन नाही; लोकलचा पास आणि दुपारचे जेवण देऊ म्हणतात. ते लेखी घ्या, असे मी कळवले आहे. आता राहण्याचा प्रश्न होता. मामा आज नाहीत, पण चेंबूरच्या त्या खोलीत मामी अजून राहतात. त्यांना विचारले, तर म्हणाल्या, पोरगी काय खाते ते तेवढे सांगून ठेव. सोमवारी पहाटे ती दादरला उतरेल.