इतरांचा निवाडा आणि आपले मोल

‘मला त्यातले काय कळते?’ चारचौघांत मत विचारले असता असे उत्तर देणारी माणसे आपणांपैकी प्रत्येकाच्या ओळखीची असतात. सभेत ती मागच्या रांगेत बसतात. बढतीसाठी अर्ज करण्याची मुदत टळू देतात. कोणी त्यांच्या कामाची वाखाणणी केली, तर ती संकोचतात आणि ‘यात माझे असे काही नाही’ म्हणून मोकळी होतात. लोक याला विनय समजतात. परंतु विनय आणि स्वतःविषयीचा तुच्छभाव या दोन भिन्न गोष्टी होत. विनयी माणसाला आपले सामर्थ्य ठाऊक असते, फक्त तो ते मिरवीत नाही. तुच्छभावाने ग्रासलेल्या माणसाचा मात्र आपल्या अंगी काही सामर्थ्य आहे यावर विश्वासच नसतो. या अवस्थेची त्याला मोठी किंमत मोजावी लागते. जे काम त्याने हाती घेतलेच नाही, ते आपल्याला कितपत साधले असते हे त्याला कधीच कळत नाही. आणि न केलेल्या प्रयत्नाचे अपयशही तो आपल्याच उणिवेच्या खात्यावर मांडतो.

ही अवस्था कशी उद्भवते आणि आयुष्याचा मोठा भाग सरल्यावरही तिच्यातून बाहेर पडता येते काय, हे आता पाहावयाचे आहे.

आरशातील प्रतिमा

मूल स्वतःविषयीचे मत घेऊन जन्माला येत नाही. ते मत त्याला आजूबाजूच्या माणसांकडून मिळते. चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली यासाठी आरशाची उपमा योजिली. आपण दुसऱ्याला कसे दिसत असू, ते पाहून तो आपल्याविषयी काय ठरवीत असेल, याची आपण कल्पना करतो आणि त्या कल्पनेतून आपल्या मनात अभिमान किंवा लाज उत्पन्न होते, असे त्याने दाखविले. या विवेचनात एक गोष्ट गृहीत आहे, ती अशी की आरसा सदोषही असू शकतो. पण ज्या मुलाला एकच आरसा उपलब्ध आहे, त्याला तो सदोष आहे हे कळावे कसे?

व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) हे स्वतः लहानपणी मुडदूस झालेले, अशक्त मूल होते. प्रत्येक बालकाला आपण लहान आणि दुबळे आहोत अशी जाणीव असतेच, असे त्यांनी प्रतिपादन केले. एरवी हीच जाणीव त्याला चालावयास, बोलावयास, शिकावयास प्रवृत्त करते. परंतु उत्तेजनाऐवजी सतत अवहेलना वाट्याला आली, तर ती जाणीव घट्ट होत जाते आणि तिचा न्यूनगंड बनतो. म्हणून ॲडलरच्या उपचारपद्धतीत माणसाला धीर देण्याला अत्यंत महत्त्वाचे स्थान आहे.

आपल्याकडे अवहेलना नेहमीच दुष्टाव्यातून होते असे नाही. मुलांची तोंडावर स्तुती करू नये, ती शेफारतात, असे मानणारी घरे अनेक आहेत. भावंडांशी तुलना केली म्हणजे मूल ईर्षेने अभ्यासाला लागेल, असे पालकांना वाटते. मुलीने फार अपेक्षा ठेवल्या तर पुढे तिलाच दुःख होईल, अशी आईला भीती असते. हेतू कोणताही असो. ‘तुला जमायचे नाही’ हे वाक्य वीस-पंचवीस वर्षे कानी पडले, की ते ‘मला जमायचे नाही’ असे होते. बोलणारी माणसे पुढे जग सोडून गेली तरी वाक्य मागे राहते आणि आता ते स्वतःच्याच आवाजात ऐकू येत असल्यामुळे खरे वाटते.

अपेक्षांचा प्रभाव

इतरांच्या मताचा परिणाम केवळ मनावर होतो असे नाही. तो प्रत्यक्ष कामावरही होतो. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. काही मुले लवकरच विशेष प्रगती करतील असे शिक्षकांना सांगण्यात आले. वस्तुतः ती मुले वाटेल तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस खालच्या इयत्तांतील अशा मुलांची प्रगती इतरांहून अधिक आढळली. पुढील संशोधनात हा परिणाम प्रथम वाटला त्याहून कमी असल्याचे दिसून आले; परंतु तो अगदीच नाही, असे मात्र नाही.

आपल्या देशातील एक उदाहरण अधिक बोलके आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भुलभुलैयातून वाट काढण्याची कोडी सोडवावयास दिली. मुलांच्या जाती जाहीर केल्या नव्हत्या, तेव्हा उच्च मानलेल्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या कामात फरक दिसला नाही. परंतु सर्वांसमक्ष जातीचा उच्चार केल्यावर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच होती, कोडीही तशीच होती. समाजाने आधीच दिलेल्या निवाड्याची आठवण तेवढी मध्ये आली होती. या निवाड्याचे ओझे काहींच्या वाट्याला केवळ घरातून येते. काहींच्या वाट्याला ते पिढ्यान् पिढ्यांच्या समाजव्यवस्थेतून येते, आणि अशा ठिकाणी एकट्या व्यक्तीला धीर धरावयास सांगून भागत नाही, हे विसरता कामा नये.

प्रयत्न का थांबतो?

१९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज निर्दय वाटतील. पण त्यांनी एका जुन्या कोड्यावर प्रकाश टाकला. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के चुकविण्याचा कोणताही मार्ग ठेवला नव्हता, त्यांना नंतर बुटका अडसर ओलांडून सुटता येईल अशा जागी ठेवले, तरी त्यांपैकी पुष्कळांनी तसा प्रयत्न केला नाही. ती मुकाट्याने धक्के सोसत राहिली. जेव्हा त्यांना दोरीने ओढून वारंवार अडसरापलीकडे नेण्यात आले, तेव्हा कुठे ती स्वतः होऊन उडी मारू लागली.

सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघा शास्त्रज्ञांनी मेंदूविषयीच्या नव्या माहितीच्या आधारे आपला निष्कर्ष सुधारला. दीर्घकाळ त्रास झाला असता निष्क्रिय होणे ही प्राण्याची मूळची प्रतिक्रिया असते. ती शिकावी लागत नाही. आपल्या कृतीने परिस्थिती बदलते, ही गोष्ट मात्र शिकावी लागते. आयुष्यभर हिणवला गेलेला माणूस आळशी किंवा नेभळट असतो असे समजण्याचे कारण नाही. त्याला एक धडा शिकावयास मिळालेला नसतो, आणि तो धडा पुढेही शिकता येतो.

कृतीचा पुरावा

हा धडा शब्दांनी फारसा शिकता येत नाही. ‘मी श्रेष्ठ आहे’ असे रोज घोकावे, असा सल्ला पुष्कळ पुस्तकांतून आढळतो. जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र असे दिसले, की ज्यांचा आत्मसन्मान मुळातच कमी होता, त्यांना ‘मी प्रेमास पात्र आहे’ अशा अर्थाचे वाक्य पुनःपुन्हा म्हटल्यावर अधिकच वाईट वाटले. याचे कारण उघड आहे. ज्या वाक्यावर विश्वास नाही, ते उच्चारताच मन त्याविरुद्धचे सारे जुने दाखले पुढे करते.

अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली आत्मविश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः यशस्वीपणे पार पाडलेले काम, आपल्यासारख्या दुसऱ्याचे यश पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीराची व मनाची तत्कालीन स्थिती. यांपैकी पहिला सर्वांत प्रभावी होय. जुन्या निवाड्याविरुद्ध नवा पुरावा उभा राहतो, तो कृतीतून.

एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये होऊन गेलेल्या राससुंदरी देवींचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बाराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. बाईने वाचणे हे त्या काळी निंद्य मानले जाई. तशी चर्चा कानी पडली तरी त्यांचा थरकाप होई. पण वाचण्याची इच्छा जाईना. पंचविशीच्या सुमारास त्यांनी ‘चैतन्य भागवता’च्या पोथीचे एक पान काढून स्वयंपाकघरात लपविले. मुलाने ताडपत्रावर गिरविलेल्या अक्षरांशी आणि लहानपणी कानांवर पडलेल्या मुळाक्षरांशी त्या पानावरील अक्षरे ताडून पाहत, घरकामातून मिळेल त्या क्षणी, त्या वाचावयास शिकल्या. पुढे त्यांनी लिहिलेले ‘आमार जीबन’ हे बंगालीतील आद्य आत्मचरित्रांपैकी एक होय. कोणी परवानगी देईल याची त्यांनी वाट पाहिली नाही, आणि साऱ्या समाजाशी एकदम वादही मांडला नाही. एका वेळी एक अक्षर, एवढेच काम त्यांनी हाती घेतले.

बाहेर पडण्याची वाट

यावरून काही व्यवहार्य गोष्टी सांगता येतील. मनात ‘मला जमायचे नाही’ असे येताच, हे वाक्य प्रथम कोणी म्हटले होते, कोणत्या प्रसंगी, आणि त्या माणसाला त्या विषयाची कितपत जाण होती, हे आठवून कागदावर मांडावे. पुष्कळदा असे आढळते, की निवाडा देणारा स्वतःच भयभीत किंवा निराश होता. त्याला क्षमा करावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. त्याचे मत मात्र तपासून पाहण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

त्यानंतर एखादे लहान काम निवडावे. ते आठवड्याभरात संपण्यासारखे असावे आणि झाले की नाही हे कोणालाही न विचारता कळावे. अर्ज लिहिणे, सायकल शिकणे, एका पुस्तकाची दहा पाने वाचणे, यांपैकी काहीही चालेल. पूर्ण झालेले काम तारखेसह वहीत नोंदवावे; कारण उपेक्षित मन अपयश जपून ठेवते आणि यश विसरते. आरंभीचे प्रयत्न खिल्ली उडविणाऱ्यांच्या देखत करू नयेत. एक-दोन समंजस माणसे शोधावीत. ती घरातलीच असावीत असे नाही. वाचनालय, भजनी मंडळ, महिला मंडळ, प्रौढांचा वर्ग येथे माणूस नवा असतो आणि त्याच्यावरचा जुना शिक्का तेथे कोणाला ठाऊक नसतो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. झोप उडणे, अन्नावरील वासना जाणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे अशी लक्षणे तुच्छभावासोबत आठवड्यामागून आठवडे टिकून राहिली, तर ती विषण्णतेच्या आजाराची असू शकतात. या आजारावर उपचार आहेत, आणि तेथे केवळ निर्धारावर विसंबू नये. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विनामूल्य सल्ला घेता येतो.

जुना आवाज पूर्णपणे नाहीसा होईलच, असे आश्वासन देता येणार नाही. पन्नाशीत पोहायला शिकलेल्या माणसालाही पाण्यात उतरताना तो क्षणभर ऐकू येतो. पण आता त्याच्याजवळ हातापायांची आठवण असते, आणि तो पाण्यात उतरतो.